चौकाचौकातला सारंग

माझ्या मामाला आयुष्यात एकदा बसलेली माणसं हवी होती. शाल नको, नारळ नको, स्टेजवर बोलावून कुणी पाया पडायला नको. समोर पन्नास माणसं खाली बसली आहेत, कुणी नाचत नाही, कुणी ‘मास्तर, दुसरं लावा’ म्हणत नाही, आणि तो सारंग पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत वाजवतो आहे. मागणी एवढीच.

मामा खामगावच्या एका बँड पार्टीचा मास्तर आहे. तीस-बत्तीस वर्षं क्लारनेट वाजवतो. लग्न असो, जयंती असो, गणपती असो, ही सगळी वर्षं त्यानं चालत वाजवलं. त्याचे श्रोते त्याच्याकडे पाठ करून नाचतात. त्यांचे चेहरे त्याला क्वचितच दिसले असतील, पण घामानं भिजलेले शर्ट मात्र तो पाठीवरून ओळखतो. “हा कापसाच्या व्यापाऱ्याचा पोरगा,” तो मला एकदा म्हणाला होता, “मागून सांगतो मी तुले.”

वरातीत मास्तरला स्वतःचं वाजवायला एकच जागा असते, ती म्हणजे चौक. बँड पुढे चालतो आणि नवरदेवाचा घोडा मागे राहतो, कारण घोड्यापुढे मित्र नाचत असतात. मग चौक आला की बँड थांबतो, घोडा गाठेपर्यंत. त्या चार-पाच मिनिटांत मास्तरनं आलाप घ्यायचा, ही जुनी रीत. घोडा आला की यजमानाकडचा एखादा फेटेवाला हात वर करतो. हात वर झाला की आलाप असेल तिथं तोडायचा, ढोल घुमवायचा, नाचाचं गाणं सुरू करायचं आणि चालू पडायचं. त्या हातापुढं अपील नाही. मी लहानपणापासून हे पाहत आले. पाहत आले म्हणजे काय, दोन चौक पाहिले की घरी पळायचे.

सारंग त्याला त्याच्या मास्तरनं दिला. तो म्हातारा उमेदीत एका संगीत नाटक कंपनीत होता. कंपनी बसली आणि तो बँडमध्ये आला. गंधार नाही, धैवत नाही, भर दुपारचा राग. म्हाताऱ्यानं देताना एक अट घातली होती: सुरू केलेला सारंग अर्धवट टाकायचा नाही आणि तो संपल्याशिवाय नवा धरायचा नाही. मामानं ही अट एखाद्या सरकारी आदेशासारखी पाळली. सरकारी आदेशापेक्षा बरीच जास्त.

आता माझं सांगते. खामगावात आमची सात-आठ जणांची संघटना आहे. मुलींच्या वसतिगृहाचं पाणी, वाचनालयाची वेळ, खेड्यातून कॉलेजला येणारी बस, असल्या गोष्टींसाठी आम्ही पत्रकं काढतो आणि पत्रकांनी काही झालं नाही की ठिय्या देतो. पत्रक लिहायला आणि रस्त्यात बसायला, या दोनच गोष्टी मला नीट येतात. बसायचं कसं, मांडी कुठं घालायची, पोलीस आला की नजर कुठं ठेवायची, सगळं येतं. पण मामासाठी यातलं काही वापरायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

मग पुण्याहून बाई आल्या.

पुण्यात हिवाळ्यात एक संगीत महोत्सव भरतो, त्यात शास्त्रीय असतं, जॅझ असतं आणि ‘वर्ल्ड म्युझिक’ असतं. कुणाला काय वाजवायला बोलवायचं हे या बाई ठरवायच्या. त्यांना कुणीतरी एका लग्नातला मामाचा व्हिडिओ पाठवला होता. त्या थेट खामगावला घरी आल्या. हातमागाची साडी, कोल्हापुरी चपला, आणि गळ्यात असली माळ की आमच्याकडे ती बैलाच्या गळ्यात घालतात. मामा ओसरीवर बसून क्लारनेटची रीड, म्हणजे फुंकायची पत्ती, घासत होता. मामीनं चहा ठेवला.

“काय रॉ साउंड आहे तुमचा, काका,” बाई म्हणाल्या. “अगदी मातीतला.”

मामानं माझ्याकडे पाहिलं. मातीत वाजवलं तर क्लारनेटची बटणं अडकतात, हे त्याला माहीत होतं.

“फक्त एक करा हं,” बाई म्हणाल्या. “तो लाल कोट नको. खांद्यावर सोनेरी झालर वगैरे. ते जरा साहेबी वाटतं. तुमचा पारंपरिक पोशाख घाला ना, धोतर, फेटा.”

“हाच हाय आमचा पारंपरिक,” मामा म्हणाला. “माह्या मास्तरच्या मास्तरपासून हाय.”

“नाही, पण मूळ आपलं...”

“म्याडम, मंग हे क्लारनेट कुठलं हाय? मोताळ्याच्या बाजारचं?”

बाई खूप हसल्या आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. नंतर महोत्सवाच्या पत्रिकेत मामाची ओळख ‘मिश्कील ग्रामीण कलावंत’ अशी छापून आली, ती बहुधा त्या वहीतली. कोट मात्र राहिला.

त्या गेल्यावर मामा बराच वेळ रीडच घासत होता. मग म्हणाला, “बसून ऐकतीन का वं ते लोक?”

मी म्हटलं, “बसवते त्यांना.”

पुढचे पंधरा दिवस मी फोनवर होते. पहिल्यांदा कळलं की मामाला सात मिनिटं आहेत आणि तीही महोत्सवाच्या फाटकापाशी, लोक आत येत असताना. म्हणजे पुन्हा वरात. मी म्हटलं, आत घ्या, शास्त्रीयच्या सभागृहात, राग आहे तो. बाईंनी समितीला विचारलं. समितीनं विचारलं, घराणं कोणतं? मी फोन मामाच्या कानाला लावला. मामा म्हणाला, “लिहा, वरात घराणं.” समितीनं ते लिहिलं नाही. मग मी जॅझच्या तंबूचं विचारलं. तिथं म्हणे सॅक्सोफोन आधीच दोन होते. शेवटी उरलं वर्ल्ड म्युझिक. पुण्यात जग म्हणजे पुणे सोडून सगळं, असं मला त्या पंधरा दिवसांत कळलं. त्या जगात आफ्रिकेतला एक तंतुवाद्यवाला होता, कुठल्याशा बर्फाळ देशातल्या तिघी बहिणी होत्या आणि आमचं खामगाव होतं.

मी मागण्या लिहून पाठवल्या. चाळीस मिनिटं. श्रोत्यांना बसायची सोय. मध्ये कुणी बोलणार नाही. तिन्ही मान्य झाल्या, वेळ मिळाली दुपारी बाराची. ती वेळ कुणालाच नको असते, डोक्यावर ऊन असतं. मामा खूश झाला. “सारंगची येळ हाय ते. त्याइले समजते बरं.”

मी मात्र गाफील नव्हते. मी एक पत्रक लिहून छापून घेतलंच. मथळा होता: ‘लोककलेच्या नावाखाली चाललेला तमाशा बंद करा!’ ढोल वाजवणारा गडी मामासोबत वीस वर्षं आहे. त्यानं ते गाडीत वाचलं आणि म्हणाला, “ताई, तमाशाले काऊन शिव्या देता? तमाशात लोक बसून तं ऐकते.” पत्रकं मी तरीही नेली.

महोत्सवाची जागा मोठी होती. आतल्या सभागृहात शास्त्रीय. तिथं चपला बाहेर काढायच्या, मोबाईल बंद करायचा, आणि खोकला असेल तर तो गवई तंबोरे लावत असताना उरकायचा. मी दारातून डोकावले. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ डोळे मिटून हात असा फिरवत होते की जणू गवयाला बस स्टँडचा रस्ता समजावून सांगतायत. बाहेर तंबूत जॅझ. तिथं हात फिरवायची बंदी असावी, कारण सगळे मान हलवत होते आणि हातात पेला होता. तिथं वाजवणाऱ्यानं जरा काही अवघड वाजवलं की मध्येच टाळ्या वाजवायची पद्धत होती. आतल्या सभागृहात तशी मध्येच टाळी वाजवली तर लोक वळून बघतात. तेच लोक तासाभरानं आतून तंबूत येत आणि दारातच हाताची सवय सोडून मानेची सवय घेत. एवढी शिस्त आमच्या संघटनेत असती तर आज तालुक्यात बस वेळेवर आली असती.

आमचं स्टेज हिरवळीवर होतं. मागे पडद्यावर बैलगाडीचं चित्र. बसायची सोय म्हणून मी खुर्च्या धरून चालले होते. पाहते तर बीनबॅग. ती गोणीसारखी गादी, बसलं की माणूस आत रुततो. बसलेली माणसं मागितली होती, अर्धी आडवी मिळाली. मामा म्हणाला, “असू दे. झोपले तरी चालते, नाचू नये म्हंजे झालं.”

मी पत्रकं वाटली. लोकांनी ती इतक्या प्रेमानं घेतली की मला शंका यायला हवी होती. एका मुलीनं कागद बोटांत चोळून विचारलं, “हँडमेड आहे का?” उन्हामुळे बऱ्याच जणांनी त्याचा पंखा केला. पंधरा मिनिटांत बाई माझ्याकडे आल्या, माझ्या गळ्यात हात टाकला आणि पत्रकासकट आमचा दोघींचा फोटो काढला. “आपल्या महोत्सवात प्रोटेस्टलाही जागा आहे,” त्या कुणालातरी सांगत होत्या. ज्यांचा निषेध करायचा त्यांनीच निषेधाला जागा दिली की निषेध जागच्या जागी मरतो. हे आम्हाला कुठल्याच शिबिरात शिकवलेलं नव्हतं.

बारा वाजता मामा चढला. लाल कोट, इस्त्रीची पँट, मागे ढोल, ट्रम्पेट, झांज. त्यानं टोपी काढून ढोलावर ठेवली. लग्नात तो टोपी काढत नाही.

मग त्यानं सुरू केलं. मी रागातलं फार जाणत नाही, पण इतकं कळलं की हे मी कधी ऐकलेलं नाही. रस्त्यावर क्लारनेट ओरडतं, कारण जनरेटरच्या वर निघावं लागतं. इथं ते ओरडत नव्हतं. एकेक सूर तो असा खाली ठेवत होता, जसं कुणी भरलेला तांब्या पायरीवर ठेवतं. कॉफीवाल्यानं मशीन बंद केलं. बीनबॅगमध्ये रुतलेली माणसं हळूहळू कोपरावर उठली. मोबाईल खाली गेले. मी मनात म्हटलं, झालं. बसले. मिळालं त्याला.

चार-पाच मिनिटं झाली असतील. मामानं एक लांबलचक तान रिषभावर आणून ठेवली, क्लारनेट ओठांवरून काढलं, आणि मान वळवून मागे पाहिलं.

मागे बैलगाडीचं चित्र होतं.

टाळ्या पडल्या. सगळ्यांना वाटलं, संपलं. मलाही वाटलं की पहिला भाग संपला, आता ढोल लागेल. निवेदिका टुणकन स्टेजवर आली, हात उंच करून टाळ्या वाजवत, “वॉव! काय एनर्जी! खामगावसाठी जोरदार...”

हात वर झाला होता.

मामानं टोपी डोक्यावर ठेवली, ढोलवाल्याला मान हलवली, आणि पार्टीनं नाचाचं गाणं धरलं. नुसतं धरलं नाही, चालायलाही लागले. स्टेजच्या पायऱ्या उतरून, ढोल पुढे, मामा मागे, हिरवळीतून, कॉफीच्या टपरीवरून, थेट फाटकाकडे. बीनबॅगा रिकाम्या झाल्या. लोकांना वाटलं, हे ठरवून केलंय. सगळे पुढे धावले आणि नाचायला लागले. फोन वर, तोंडं फोनकडे, पाठी मामाकडे. चार मिनिटांपूर्वी डोळे मिटून बसलेला एक माणूस तर हातातल्या माझ्या पत्रकाचा रुमाल करून हवेत उडवत होता. फाटकावर सुरक्षारक्षकानं मनगटाचे पट्टे मागितले तेव्हा वरात थांबली. तोवर आमच्या स्टेजवर पुढच्या कार्यक्रमाचा आफ्रिकेतला तंतुवाद्यवाला येऊन पाणी पीत होता.

बाई धापा टाकत आल्या. “ब्रिलियंट! तो वॉक-आउट कुणाची कल्पना? तुमची ना?”

मामा गाड्या लावायच्या जागेत गेला आणि टायरला टेकून बसला. मी जाऊन समोर उभी राहिले.

“मामा, थांबला काऊन? चाळीस मिनिटं होती.”

“चौक झाला ना.”

“तिथं कुठला चौक?”

ढोलवाला वडापाव खात होता. त्यानं तोंडातला घास गिळला आणि मला समजावून सांगितलं, जसं लहान पोराला सांगतात. “ताई, मास्तर सारंग चौकाचौकानं वाजवते. एका चौकात बसते किती? चार मिनिट. मंग जिथं सोडते तिथूनच पुढच्या चौकात उचलते. पाच चौकाचा सारंग हाय तो. मंडपाच्या दारात संपते.”

“हे कुणाला माहीत आहे?”

“आमाले. आन् घोड्याले.”

“मग इथं पाचही चौक सलग वाजवायचे ना! मी चाळीस मिनिटं मागून घेतली होती त्यासाठीच!”

“चाळीस मिनिट सलग कसे वाजवतात ते मले येते कुठं?” मामा म्हणाला. “तीस वर्षं झाले, मले घोड्यानं शिकवलं. पाच मिनिट झाले का मान मांगं जाते. आपोआप. मी पाह्यलं, घोडा दिसला नाही. मनलं, थांबू, येते का पाहू. मंग त्या बाईनं हात वर केला.”

“टाळ्या वाजवत होती ती!”

“हात वर तं वर.”

मी तीन मागण्या केल्या होत्या आणि तिन्ही मान्य झाल्या होत्या. चळवळीत याला विजय म्हणतात. माझ्या मामाचा सारंग कसा वाजतो, हे मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. मी सरळ त्याच्या वतीनं लढायला निघाले होते.

मी बाईंना गाठलं. म्हटलं, चार चौक राहिलेत, संध्याकाळी कुठंही वेळ द्या, फाटकापाशीही चालेल. त्यांनी नीट ऐकून घेतलं, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं त्यांच्या. मग म्हणाल्या, “किती सुंदर आहे हे! पुढच्या वर्षी आपण चौक ही थीमच घेऊ या का?”

आम्ही गाडी काढली.

घरी आल्यावर मामा नेहमीसारखा सुपाऱ्या घ्यायला लागला. लग्नसराई होती. पण चौकात त्यानं सारंग धरला नाही. चौक आला की सिनेमाच्या एखाद्या गाण्याची ओळ फिरवायचा आणि गप्प उभा राहायचा. मी विचारलं तर म्हणाला, “ते पुण्याले सुटलं. नवीन धरता येत नाही, जुनं संपलं नाही.” मामी मला स्वयंपाकघरात म्हणाली, “घरात कोनी आजारी असल्यावानी झालं वं बाई. सकाळी पत्ती लावते, फुकते, आन् ठेवून देते. तू नेलं त्याले पुण्याले. आता तूच पाय.”

तिनं टोमणा मारला नव्हता. नुसतं सांगितलं. म्हणून जास्त लागलं.

देऊळगाव राजाला एक लग्न होतं, मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. मी पार्टीच्या टेम्पोत बसले. मामानं विचारलं, “तू कायले?” म्हटलं, पूर्ण वरात चालणार आहे. त्याला हसू आलं. “तू दोन चौकाची पाव्हनी,” तो म्हणाला. “दोन चौक झाले का तुले घर आठोते.”

पहिला चौक झाला. मी त्याच्या बाजूनं चालत होते. दुसरा झाला. सिनेमाचीच ओळ. तिसऱ्यालाही तेच. मी म्हटलं, “मामा, धर ना.”

“कोणासाठी?”

“मी ऐकते.”

“चालता चालता ऐकनारे लय पाह्यले,” मामा म्हणाला आणि पुढं निघाला.

चौथा चौक बालाजीच्या देवळाकडे वळणारा. बँड थांबला. घोडा लवकरच आला, नवरदेवाचे मित्र दमले होते. नवरदेवाच्या मामानं, भरजरी फेट्याचा जाडजूड माणूस होता, हात वर केला. ढोलवाल्यानं काठी उचलली. आणि मी ढोलासमोर रस्त्यात बसले. मांडी घालून, तहसीलसमोर बसते तशी.

आधी कुणाला कळलंच नाही. मग बायका थांबल्या. नवरदेवाचा मामा आला.

“ओ ताई, चक्कर आली का?”

“नाही.”

“मग उठा की. मुहूर्त चाललाय.”

“उठते. तुम्ही आधी हात खाली घ्या.”

त्यानं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. “कोणत्या पक्षाच्या तुम्ही?”

“कोणत्याच नाही. मास्तरांचं वाजवून होऊ द्या, एवढीच मागणी आहे.”

“उठ वं!” मामा माझ्यावर खेकसला. असा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. “लोकाच्या लग्नात आंदोलन करतं? माही सुपारी हाय हे! उद्या कोनी बोलावन का मले?”

तो म्हणत होता ते खरं होतं. वसतिगृहासाठी बसताना माझं काही जात नाही. इथं त्याचं जात होतं. पण मी उठले तर हे पुन्हा कधीच होणार नाही, हेही दिसत होतं.

घोड्यावरून आवाज आला, “होऊ द्या हो मामा. मला बी जरा खाली उतरायचंय. पाय आखडले.” नवरदेव बोलत होता. तो कुणाच्या मदतीची वाट न पाहता उतरलाच. ते पाहून करवल्यांनी सुस्कारा टाकला. नव्या चपलांनी त्यांच्या टाचा सोलल्या होत्या. एक दुकानाच्या पायरीवर बसली, मग दुसरी, मग तीन बायका रस्त्याच्या कडेला पदर सावरून बसल्या. नाचणारे मित्र तर आधीच फतकल मारून पाणी पीत होते. नवरदेवाच्या मामानं चारी बाजूंना पाहिलं आणि हात खाली घेतला.

हात खाली म्हणजे चौक सुरू. रीत ती रीत, ती मामाला मोडता येईना. त्यानं माझ्याकडे रागानं पाहिलं, टोपी काढून ढोलावर ठेवली, आणि पुण्यात जिथं सोडला होता बरोबर त्याच रिषभावरून सारंग उचलला.

पाच मिनिटांनी त्याची मान मागं गेली. घोडा तिथंच उभा होता, खाली मान घालून, आणि फेटेवाल्याचा हात खालीच होता. मामानं पुन्हा क्लारनेट ओठांना लावलं. पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा मान, पुन्हा घोडा. मध्ये एकदा कुणीतरी ओरडलं, “नागीन लाव बे मास्तर!” त्याला त्याच्या आईनंच गप्प केलं, तिची टाच अजून दुखत होती. डांबर खालून तापत होतं. मी हललेसुद्धा नाही. मुहूर्त गेला. तसाही तो पत्रिकेत लिहायलाच असतो. पण भटजींचे दोन फोन येऊन गेले आणि नवरदेवाच्या मामानं दोन्ही वेळा “पोचलोच, पोचलोच” म्हणून सांगितलं.

बसलेले सगळे सारंग ऐकायला बसले होते असं मी म्हणणार नाही. बहुतेक जण चपलांपायी बसले होते. नवरदेव मात्र कोपर घोड्याच्या पाठीवर टेकवून सरळ मामाकडे पाहत उभा होता, आणि दुकानातल्या एका म्हाताऱ्यानं गिऱ्हाईक थांबवून ठेवलं होतं. पुण्यात जितके मिळाले त्यापेक्षा कमीच. पण शेवटपर्यंत.

शेवटचा सूर मामानं इतका लांबवला की ढोलवाल्यानं डोळे मिटले. मग थांबला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. “झालं का?” नवरदेवाच्या मामानं मला हळूच विचारलं. मी मान हलवली आणि उठले. त्यानं हात वर केला. ढोल घुमला, नवरदेव घोड्यावर चढला, बायका चपला शोधायला लागल्या.

मामानं टोपी घातली. माझ्या बाजूनं जाताना क्लारनेटची पत्ती अंगठ्यानं पुसत म्हणाला, “पुण्याच्या त्या बाईले फोन लाव.”

“काय सांगू?”

“संपलं म्हन. आता वाजवा टाळ्या.”